'चांदीचे ताट, नग एक' : खान्देशातील देवस्थानांची भांडी व त्यांची पारख

मंदिराचा जीर्णोद्धार निघाला की पहिले काम गाभारा रिकामा करण्याचे असते. मूर्तीची तात्पुरती सोय दुसऱ्या जागी होते, समया, घंटा, पालखी बाहेर निघतात आणि मग पंचमंडळींसमक्ष देवाची पेटी उघडली जाते. पेटीबरोबर एक जुनी वही असते. तीत कोणी तरी वळणदार अक्षरात लिहून ठेवलेले असते : 'चांदीचे ताट, नग १. चांदीचा तांब्या, नग १. चांदीच्या वाट्या, नग ४.' एवढेच. वजन नाही, छाप नाही, देणाऱ्याचे नाव असलेच तर अर्धे. तालुक्याहून बोलावलेला सराफ ताट उलटे करतो, काठावरून नख फिरवतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, "तांब्या चांदीचा आहे. ताट नाही."

यापुढचा प्रसंग कोणत्याही गावाला ओळखीचा वाटेल. वहीत चांदी आणि हातात दुसराच धातू, म्हणजे मधल्या काळात कोणी तरी बदल केला, असा सरळ हिशेब लोक मांडतात. बोट पुजाऱ्याकडे जाते. पुजारी वयाने लहान असेल तर त्याच्या वडिलांकडे जाते, आणि ते तर उत्तर द्यायला हयात नसतात. पिढ्यानपिढ्या देवाची सेवा केलेल्या घरावर एका दुपारी शिक्का बसतो. वास्तविक पुष्कळदा ते ताट अर्पण झाले त्या दिवसापासूनच मुलाम्याचे असते. देणाऱ्याने ते चांदीचे समजून दिलेले असते, लिहिणाऱ्याने चकाकी पाहून 'चांदीचे' लिहिलेले असते. हे सिद्ध करता येते काय? बहुतेक वेळा येते. त्यासाठी चांदी आपल्या भागात कशी आली, तिच्यासारखी दिसणारी भांडी केव्हा आली आणि दोहोंची पारख कशी होते, हे ठाऊक पाहिजे.

खान्देशच्या जमिनीत कापूस पिकतो, केळी पिकते. चांदी निघत नाही. देशात मोठ्या प्रमाणावर चांदी निघते ती राजस्थानात, जस्ताशिशाच्या खाणींबरोबर. आपल्याकडे आलेली जुनी चांदी बव्हंशी समुद्रापारची होय. सतराव्या शतकात मेक्सिको व पेरूकडील खाणींतील चांदी स्पॅनिश नाण्यांच्या रूपाने युरोपात जाई आणि तेथून कापड, नीळ व मसाल्याच्या मोबदल्यात सुरतेच्या बंदरात उतरे. परकी नाणी मोगली टाकसाळीत आटवून त्यांचे रुपये पाडले जात. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा मोठा रस्ता आपल्या खान्देशातूनच होता. नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर ही त्यावरील गावे. त्या शतकात या वाटेने गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने यांतील गावांची नावे आपल्या प्रवासवर्णनात दिली आहेत. बुऱ्हाणपूर ही आधी फारुकी सुलतानांची राजधानी व १६०१ नंतर मोगलांच्या खान्देश सुभ्याचे ठाणे. तेथेही टाकसाळ होती. तापीकाठच्या एखाद्या देवळातील जुन्या चांदीच्या पळीत दक्षिण अमेरिकेतील डोंगराचा अंश असणे यात नवल मानण्याचे कारण नाही.

मराठेशाहीत निरनिराळ्या टाकसाळींचे निरनिराळे रुपये चालत. नाशिक-खान्देशकडे चांदवडच्या टाकसाळीचा चांदवडी रुपया लोकांच्या परिचयाचा होता. प्रत्येक रुपयाचा कस वेगळा, त्यामुळे प्रत्येक व्यवहाराला सराफ हवा. १८१८ साली खान्देश इंग्रजांकडे गेला. १८३३ च्या नियमाने तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅमचा, ठरला आणि १८३५ पासून कंपनी सरकारचा रुपया सर्वत्र याच वजनाचा निघू लागला. त्यात बारा भागांत अकरा भाग चोख चांदी व एक भाग मिश्रण असे. शंभरात सुमारे ९१.६ टंच. रुपया म्हणजेच एक तोळा, आणि म्हणूनच 'रुपयाभार' हे वजन घरोघर झाले. ज्याच्या घरी तराजूची वजने नाहीत त्याच्या घरी रुपये होते.

भांडी करविण्याची रीतही यातूनच पडली. गिऱ्हाईक रुपये मोजून सोनारापुढे ठेवी, सोनार ते त्याच्या देखत मुशीत आटवी आणि त्याच चांदीचा तांब्या, वाटी किंवा फुलपात्र घडवी. वजन रुपयांवरून आधीच ठाऊक, कस ठाऊक, मजुरी तेवढी वेगळी. विश्वास ठेवायला याहून सोपी पद्धत नाही. १८३५ ते १९३९ या काळातील रुपये आटवून केलेले भांडे आज तपासले तर त्याचा टंच नव्वदीच्या थोडा पुढे लागतो. डागाची, म्हणजे सांध्याची, चांदी हलकी असते, त्यामुळे सांधे जास्त असलेल्या भांड्याचा आकडा थोडा उतरतो.

१९४० साली युद्धाच्या निकडीत सरकारने रुपयातील चांदी निम्म्यावर आणली. वजन तेच ठेवले, चेहरा राजाचाच, पण आत शंभरात ५० भाग चांदी आणि बाकी तांबे, निकेल व जस्त. १९४७ मध्ये तर चांदी सर्वस्वी गेली व निकेलचा रुपया आला. गावातील साध्या माणसाला १९४० च्या आधीचा व नंतरचा रुपया यांतील भेद कोण सांगणार? हे नंतरचे रुपये आटवून केलेली भांडीही देवापुढे आली. ती लवकर काळवंडतात, घासल्यावर किंचित पिवळट-तांबूस दिसतात, आणि सराफ जेव्हा 'टंच पन्नास' म्हणतो तेव्हा लोकांना सोनाराने भेसळ केली असे वाटते. भेसळ झाली होती खरी, पण ती टाकसाळीत, सोनाराच्या मुशीत नव्हे. ८० जुन्या रुपयांचे ताट असेल तर वजन ९३३ ग्रॅम आणि त्यात चोख चांदी ८५५ ग्रॅम. ८० नव्या रुपयांचे असेल तर वजन तेच, चांदी ४६६ ग्रॅम. किमतीत जवळजवळ दुपटीचा फरक. आणि दोन्ही ताटे, म्हटले तर, प्रामाणिक.

खान्देशात पैसा खेळला तो कापसाने. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला व इकडच्या कापसाचे भाव चढले. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली. कापसाच्या मुलखात शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसविल्या, अशी त्या तेजीची एक गोष्ट सांगतात. चांदी मऊ धातू. खडकाळ वाटेवर तिची धाव चार दिवस टिकायची नाही. पण त्या दिवसांत चांदी घरात आली हे मात्र खरे. बायकांच्या पायांत तोडे आले, कमरेला पट्टे आले, श्रावणात कानबाईच्या वेळी काढायची ठेवणीतली भांडी आली, आणि ग्रामदेवतेला मुखवटे, छत्रे, ताम्हणे वाहिली गेली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. आलेली चांदी अडीअडचणीची ठेव म्हणून घरात व देवळात राहिली.

या ठेवीवर पुढे जो आघात झाला तो आज फारसा कोणाच्या ध्यानात नाही. १८९३ पर्यंत कोणीही चांदी टाकसाळीत नेऊन थोडी आकारणी भरून रुपये पाडून घेऊ शके. त्यामुळे घरातील तोळाभर चांदी आणि खिशातील रुपया यांत फार अंतर नव्हते. १८७६-७८ च्या दख्खनच्या दुष्काळात लोकांचे मोडलेले दागिने मुंबईच्या टाकसाळीत मोठ्या प्रमाणावर आले ते याचमुळे. चांदीचा जगातील भाव उतरत चालला म्हणून २६ जून १८९३ रोजी सरकारने लोकांसाठी ही वाट बंद केली. रुपयाची किंमत सोन्याशी बांधून पुढे १६ पेन्स ठरविली गेली, आणि त्यातील धातूची किंमत मागे पडली.

सहा वर्षांनी छप्पन्नचा दुष्काळ आला. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. गुजरात व खान्देश या दोन्ही मुलखांत त्याची आठवण पिढ्या उलटल्या तरी राहिली. माणसे तोडे, वाळे, ताटे, वाट्या घेऊन सराफाच्या दारात उभी राहिली. आणि त्यांना कळले की ज्या भांड्यात १६ रुपये आटवले होते त्याचे १६ रुपये परत येत नाहीत. त्या वर्षी लंडनला चांदीचा भाव औंसाला सुमारे २८ पेन्स होता. त्या हिशेबाने एका रुपयातील चांदी साडेदहा पेन्सची भरते. रुपया १६ पेन्सचा व १६ आण्यांचा, म्हणजे पेन्साला आणा. ज्याने रुपया तसाच गाडग्यात पुरून ठेवला त्याला १६ आणे. ज्याने तो आटवून वाटी केली त्याला धातूच्या भावाने दहा-साडेदहा आणे, त्यातून सराफाची तूट वजा. दोघांकडे चांदी तितकीच होती. कायद्याचा एक कागद निघाला आणि त्याची झळ तापीकाठच्या कुणब्याला लागली. तो कागद त्याला कोणी वाचून दाखविला नव्हता.

अशा वर्षातही काही भांडी मोडीत गेली नाहीत. जी देवाच्या नावाने लिहिली गेली होती ती राहिली. आज एखाद्या लहान देवस्थानाच्या पेटीत १९०० पूर्वीचा चांदीचा तांब्या असेल तर तो उपाशी दिवसांत कोणी तरी हात न लावता ठेवला होता, हे त्याची किंमत करताना विसरून चालत नाही.

आता मुलाम्याकडे वळू. तांब्यावर चांदीचा पातळ पत्रा भाजून, दाबून भांडी करण्याची युक्ती अठराव्या शतकात इंग्लंडातील शेफील्ड गावी निघाली. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेच्या साह्याने चांदी चढविण्याचे पेटंट घेतले. मुलामा चढविण्यासाठी खालचा धातू म्हणून जर्मन सिल्व्हर सोयीचे ठरले. नावात 'सिल्व्हर' असले तरी या धातूत चांदी औषधालाही नाही. तांबे, जस्त व निकेल यांचे ते मिश्रण. रंग पांढरट, म्हणून वरचा मुलामा थोडा झिजला तरी लवकर उघडा पडत नाही. नाव मोठे लबाड आहे. त्या नावानेच अर्धे घोटाळे केले.

ही भांडी खान्देशात आली ती साहेबाबरोबर व रेल्वेबरोबर. धुळ्यास कलेक्टरची कचेरी, धरणगावास भिल्ल पलटण, भुसावळला रेल्वेची वसाहत, जळगावास कापसाचे व्यापारी. चहाची किटली, साखरेचे भांडे, काटे-चमचे, मोठे ट्रे हा साहेबाच्या टेबलाचा सरंजाम. यात खरी स्टर्लिंग चांदी थोडी व मुलामा पुष्कळ. साहेब बदलून जाताना सामानाचा लिलाव करून जाण्याची तेव्हा चाल होती, आणि मुंबईच्या दुकानांतूनही असा माल मिळे. वकील, व्यापारी, मिरासदार यांच्या घरी तो मानाने ठेवला जाई. पुढे घरातील वडील माणूस गेले, वाटण्या झाल्या, आणि टेबलावरचा ट्रे नैवेद्याचे ताट होऊन देवळात आला, साखरेचे भांडे पंचामृताचे झाले. देणाऱ्याने घरातील सर्वांत चकचकीत वस्तू देवाला दिली. त्यात खोटेपणा कोठे आला?

इंग्रजी भांडे ओळखणे तसे सोपे, कारण त्याच्या पाठीवर लिहिलेले असते. मात्र वाचता आले पाहिजे. स्टर्लिंग म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. इंग्लंडात घडलेल्या खऱ्या चांदीवर सरकारमान्य कचेरीत कस घेऊन बारीक छाप मारतात. चालणारा सिंह हा स्टर्लिंगचा छाप. तो १५४४ पासून चालत आला आहे. शेजारी गावाचा छाप : लंडनला बिबट्याचे तोंड, बर्मिंगहॅमला जहाजाचा नांगर, शेफील्डला १९७४ पर्यंत मुकुट व पुढे गुलाब. बर्मिंगहॅम व शेफील्ड येथील कचेऱ्या १७७३ मध्ये निघाल्या. आणखी एक अक्षर साल दाखविते, आणि १७८४ ते १८९० या काळात राजा किंवा राणीचा मुखवटा कर भरल्याची खूण म्हणून असे. आपल्याकडे सिंह पाहून कोणी त्याला देवीचे वाहन समजला तर त्यात त्याचा दोष नाही. पण तो सिंह देवीचा नसून कचेरीचा आहे, आणि नेमका म्हणूनच उपयोगाचा आहे.

मुलाम्याच्या कारखानदारांनी याच छापांची नक्कल व्हावी अशा रीतीने आपली अक्षरे मारली. चार लहान ढाली, प्रत्येकीत एक नक्षीदार अक्षर. लांबून पाहिले तर खरा छाप वाटावा. अक्षरे जुळविली की ई. पी. एन. एस. असे निघते. त्याचा अर्थ, निकेल सिल्व्हरवर विजेने चढविलेला मुलामा. ई. पी. अक्षरे असली किंवा ए-वन असे लिहिलेले असले तरी तोच अर्थ. ज्या भांड्यावर ही अक्षरे आहेत ते पहिल्या दिवसापासून मुलाम्याचेच होते. पुजाऱ्यावरचा आळ दूर करायला एवढा एक छाप पुरेसा आहे. भिंगाने पाहण्याचे कष्ट मात्र घ्यावे लागतात.

देशी भांड्यांना असा आधार नाही. इंग्रजी अमलात येथे कस घेऊन छाप मारणारी सरकारी कचेरी नव्हती. नावाजलेल्या थोड्या कारागिरांनी व पेढ्यांनी आपले छाप मारले. भूजच्या उमरसी मावजी यांचा 'ओ. एम. भूज', मद्रासच्या पी. ऑर अँड सन्स यांची देवदेवतांच्या आकृत्या उठविलेली भांडी. असे काही पेटीत निघाले तर ते मोडीत घालणे म्हणजे हस्तलिखित रद्दीत विकण्यासारखे होय. त्याची किंमत धातूच्या किती तरी पट असते. पण गावच्या सोनाराने केलेल्या तांब्यावर काही नसते. भारतीय मानक ब्युरोने चांदीच्या हॉलमार्कची योजना आणली ती २००५ मध्ये, आणि ती ऐच्छिक. तेव्हा जुन्या देशी भांड्याची परीक्षा भांड्यावरूनच करावी लागते.

आधी डोळ्यांनी. मुलामा झिजतो तो काठ, बूड, कान व उठावाच्या टोकांशी. देवळातील भांडी रोज राख, चिंच किंवा रांगोळीने घासली जातात, त्यामुळे पातळ मुलामा काही वर्षांतच उघडा पडू लागतो. तेथे पिवळे किंवा राखी दिसते. खरी चांदी झिजली तरी खाली चांदीच. हाताने घडविलेल्या भांड्याच्या बुडाशी ठोक्याच्या खुणा असतात व काठाची जाडी सारखी नसते. यंत्रावर केलेल्यात बारीक गोल रेषा सारख्या अंतराने दिसतात. ही खूण कारागिरीची, धातूची नव्हे, हे लक्षात ठेवावे. आणखी, पितळेच्या भांड्याला आतून केलेली कल्हई ही कथलाची. तिचाही चांदीशी संबंध नाही, तरी ती वहीत 'चांदी' म्हणून चढू शकते.

काळे पडते ते चांदीचे, ही समजूत अर्धीच खरी. हवेतील गंधकाने चांदी काळी पडते, पण मुलामाही चांदीचाच असल्याने तोही काळा पडतो. लोहचुंबकाची परीक्षा तर पुष्कळांना पक्की वाटते. चुंबक चिकटले तर आत लोखंड आहे एवढेच समजते. पितळ, तांबे, जर्मन सिल्व्हर यांपैकी कशालाच ते चिकटत नाही. त्यापेक्षा उकळत्या पाण्यात चमचा धरून पाहावा. चांदीचा दांडा पाहता पाहता बोटांना चटका देतो, जर्मन सिल्व्हरचा बराच वेळ थंड राहतो. तांब्यावरचा मुलामा मात्र या परीक्षेत सुटतो, कारण तांबेही उष्णता तितक्याच घाईने वाहून नेते.

पाण्याची परीक्षा याहून भरवशाची आहे आणि तिला एक तराजू व एक मापाचे भांडे पुरते. वस्तूचे वजन ग्रॅममध्ये घ्यावे, ती काठोकाठ भरलेल्या पाण्यात पूर्ण बुडवावी व सांडलेले पाणी मिलिलिटरमध्ये मोजावे. वजनाला पाण्याने भागावे. चोख चांदीला साडेदहा, रुपयाच्या किंवा स्टर्लिंग चांदीला दहाच्या थोडे वर, पितळ व जर्मन सिल्व्हरला साडेआठच्या आसपास आकडा येतो. ४२० ग्रॅमचे ताम्हण ४१ मिलिलिटर पाणी सांडेल तर ते चांदीचे, ४९ सांडेल तर मुलाम्याचे. पोकळ, लाख भरलेल्या किंवा सांध्यात हवा राहिलेल्या वस्तूला ही रीत लागू नाही. मुखवट्यांच्या मागे उठाव टिकावा म्हणून राळ भरलेली असते, तिचे वजन चांदीत धरले जाते व पुढे राळ गळाली की 'चांदी कमी झाली' असा बोभाटा होतो. सिंहासन, प्रभावळ, दरवाजा यांवर लाकडावर पत्रा असतो. तेथे पत्र्याचे माप घ्यावे. पाव मिलिमीटर जाडीचा पत्रा एक चौरस फुटाला सुमारे २४० ग्रॅम भरतो.

शोऱ्याच्या तेजाबाचा थेंब हे सोनाराचे जुने शस्त्र. न दिसणाऱ्या जागी बारीक ओरखडा काढून त्यात थेंब टाकला की हलका धातू हिरवा फसफसतो, चांदी दुधाळ-राखी राहते. हे काम सोनारानेच करावे. तेजाबाने हात भाजतो व वस्तूवर कायमचा डाग राहतो. अलीकडे जळगाव-धुळ्याच्या सराफ पेठांत किरणांनी टंच सांगणारी यंत्रे आहेत. वस्तू न दुखविता ती आकडा देतात. पण हे किरण वरच्या पातळ थरापुरतेच पाहतात. जाड मुलाम्यावर ठेवले तर यंत्रही फसते. यंत्र झिजलेल्या काठावर किंवा बुडाच्या ओरखड्यावर ठेवायला सांगावे, आणि दोन-तीन जागी पाहावे.

राहिला बदलल्याचा संशय. यासाठी भांड्यावर टोचलेले नाव पाहावे. आपल्याकडे दान दिलेल्या भांड्यावर नाव, गाव, साल ठिपक्यांनी टोचून घालतात. ताट आता मुलाम्याचे निघाले आहे आणि त्यावर जुन्या देणगीदाराचे नाव आहे. ठिपक्यांच्या तळाशी भिंगातून पिवळा-राखी धातू दिसत असेल तर नाव मुलामा चढल्यानंतर टोचले आहे. म्हणजे देणाऱ्याच्याच हातून हे ताट आले. उलट ठिपक्यांच्या आतही मुलामा चढलेला दिसला तर नंतर कोणी तरी पुन्हा पाणी दिले असावे, आणि त्याची पावती शोधावी. चांदीच्या भांड्याला कोणी मुलामा देत नाही.

किंमत करताना सराफ तीन गोष्टी पाहतो : वजन, टंच आणि आटणीत येणारी घट. २०२५ मध्ये चांदीच्या भावाने किलोला लाख रुपये मागे टाकले, त्यामुळे जुनी वाकलेली भांडी मोडून नवे मखर करावे असा विचार जीर्णोद्धाराच्या वेळी हमखास निघतो. त्यात गैर काही नाही, पण मोडण्यापूर्वी भांड्याचे वय पाहावे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे कला किंवा इतिहास या दृष्टीने महत्त्वाची, निदान शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरते. शिवाय सार्वजनिक न्यासाची नोंदणी करताना जंगम मालमत्तेची यादी धर्मादाय कार्यालयाकडे दिलेली असते. ती काढून वहीशी ताडून पाहावी. दोन्हीत 'नग १' एवढेच असेल तर ताडण्यासारखे काही उरत नाही, ही गोष्ट वेगळी.

जुन्या वह्यांत क्वचित तोळे-मासे लिहिलेले आढळतात. १२ मासे म्हणजे एक तोळा, आणि तोळा ११.६६ ग्रॅम. या एका ओळीच्या गणितावर कित्येक वाद मिटू शकतात. '३७ तोळे ६ मासे' म्हणजे ४३७ ग्रॅम. आज वजन ४३१ भरले तर ती झीज. ३५० भरले तर चौकशी. १८३३ पूर्वीची नोंद असेल तर मात्र तोळा गावोगावचा वेगळा, तेथे हे गणित लावू नये.

पेटी पुन्हा बंद करण्यापूर्वी नवी नोंद पंच, पुजारी व सराफ यांच्या सह्यांनी, शक्य तर दोन्ही बाजूंच्या छायाचित्रांसह, घालावी. नमुना असा :

'तांब्या, नग १. चांदी, हाताने घडविलेला, बुडाशी ठोक्याच्या खुणा. वजन ४३१ ग्रॅम (जुन्या वहीत ३७ तोळे ६ मासे). टंच बुडाशी ९१, गळ्याच्या सांध्याशी ८६. छाप नाही.

ताट, नग १. जर्मन सिल्व्हर, वर चांदीचा मुलामा, काठ झिजलेला. पाठीवर ई. पी. एन. एस. छाप. देणगीदाराचे नाव मुलाम्यावरून टोचलेले. वजन ६१२ ग्रॅम. धातूची किंमत धरू नये. नैवेद्यास वापरात ठेवावे. मागील वहीतील "चांदीचे" हा शब्द दुरुस्त केला. वस्तू तीच आहे.'